न धुतलेला शर्ट

आई प्राणिसंग्रहालयात गेंड्यांची राखणदार. तिचा कामाचा खाकी शर्ट न्हाणीघराच्या दारामागे लटकायचा आणि तो कधीच धुतला जायचा नाही. तिच्या ताब्यातली गेंड्याची मादी, थोरली, डोळ्यांनी अधू. माणूस ओळखायची ती वासावरून. तो वास घरात आम्ही सोसायचा.

थोरलीला दिवस गेले तेव्हापासून आईचं जेवणाखाण्यात लक्ष नव्हतं. मी चिडवायचे, तुमच्या चाऱ्याच्या कोठीतले उंदीर बघ, कसे बिनघोर वाढतात. ती वैतागायची. उंदरीण तीन आठवड्यांत आठ पिल्लं घालते, काहीही खाते, कुठेही राहते. आठातली सहा गेली तरी तिचं अडत नाही. थोरलीचं मात्र सोळा महिने पोट, एकच पिल्लू, पुढे तीन-चार वर्षं काही नाही. एवढ्या धुडाला रानही तेवढंच मोठं लागतं, आणि ते आता उरलंय कुठे?

"हिचं एक गेलं की भरून काढायला वेळच नसतो गं," ती म्हणायची. थोरलीचं पहिलं पिल्लू दूध न पिताच गेलं होतं, दुसऱ्या दिवशी.

नेमकी बाळंतपणाच्या आठवड्यात मला उपकाराची बुद्धी सुचली. आई दुपारी जरा आडवी झाली होती, तेवढ्यात मी तो शर्ट सुगंधी पावडरीत दोनदा धुऊन वाळत घातला. संध्याकाळी फोन आला, पिल्लू झालं. सर्दीनं आईचं नाक चोंदलेलं. तिनं शर्ट अंगात अडकवला आणि पळाली. चष्मा विसरली, म्हणून मागोमाग मी.

पोचले तर थोरली फुरफुरत आईच्या दिशेनं गजांवर धडका देत होती, आणि पिल्लू तिच्या पायांत. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पिल्लू वेगळं काढावं लागेल. शर्टाचं मी सांगून टाकलं.

मग आई बोलू लागली, थोरलीशी. अकरा वर्षं रोज बोलायची तशीच, माझ्याबद्दल. उशिरा उठते, ताटात टाकते, सांगितलेलं ऐकत नाही. डॉक्टरांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोरलीचे कान वळले. धडका थांबल्या.

"आज तर कहरच केला बघ हिनं," आई म्हणाली. "पण काय करू? मलाही एकच आहे."

बऱ्याच वेळानं पिल्लू धडपडत उठलं, चुकत चुकत आचळाशी पोचलं आणि पिऊ लागलं. आईचं बोलणं चालूच होतं. माझ्याबद्दलच्या तक्रारी पुष्कळ शिल्लक होत्या, आणि माझा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता.