एकतीस श्रावण

मे महिन्यातला रविवार, उत्तर कलकत्त्यात सरांचं घर... माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण वाचून दाखवायचा दिवस. सत्तरच्या दशकाची नुकतीच सुरुवात होती.

सर म्हणजे माझे गाइड, झूऑलॉजीचे प्रोफेसर. प्रकरण ते स्वतः वाचत नसत, समोर बसवून मोठ्याने वाचायला लावत. डोळे मिटून ऐकायचे... झोपले की काय असं वाटावं, आणि नेमका चुकीच्या जागी हात वर व्हावा!

विषय होता, हिलसा मासा समुद्रातून हुगळी नदीत कधी येतो. मी जन्मात मासा न चाखलेली, बाबांच्या सरकारी बदलीमुळे इथे आलेली मुलगी. विषय ऐकून आईने कपाळाला हात लावला होता.

सगळी भिस्त एका वहीवर होती. बराकपूरच्या घाटाजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी, मास्टरमोशायनी, पंधरा वर्षं हिलसा आला की तारीख लिहून ठेवली होती... बंगाली महिन्यांतली. मी बाबांची जुनी पंचांगं काढली आणि सगळ्या तारखा इंग्रजीत करून टाकल्या. श्रावण तो श्रावण, त्यात काय!

निष्कर्ष निघाला की हिलशाच्या येण्याला काही ताळतंत्रच नाही.

वाचता वाचता माझी तळटीप आली. 'वहीत ३१ श्रावण अशी नोंद आहे. महिन्याला तीसच तिथी असल्याने ही लिहिणाऱ्याची चूक समजावी.'

सरांचा हात वर झाला. "आमचा श्राबोन एकतीस दिवसांचाही असतो. आमचे महिने सूर्यावर चालतात... तुझे?"

माझे चंद्रावर. म्हणजे मी काढलेली प्रत्येक तारीख दरवर्षी वेगवेगळ्या दिवसांनी सरकली होती. अख्खं प्रकरण कोसळलं होतं आणि बाबांची नागपूरला बदली झालेली, दीड महिन्यात निघायचं होतं. प्रबंध राहिला तर कायमचाच राहिला, मग लग्न, हे घरात ठरल्यासारखंच होतं.

जुन्या पंजिका, म्हणजे बंगाली पंचांगं, कुठे मिळतील म्हणून विचारलं. सर म्हणाले, "मास्टरमोशायकडे आहेत. त्यांच्याकडूनच माग. पण आधी ही तळटीप त्यांना वाचून दाखव."

रडू आलं, त्याहून जास्त राग आला. पण दुसऱ्या दिवशी सियालदाहून गाडी पकडली.

मास्टरमोशायनी तळटीप ऐकली, चष्मा पुसला, आत गेले... आणि पंजिकांचा गठ्ठा आणून पुढ्यात ठेवला. "बोशो," एवढंच म्हणाले. मी बसले, ती पुढचा महिनाभर रोज बसले.

हिलसा दरवर्षी त्याच पंधरवड्यात येत होता. ताळतंत्र माझंच सुटलं होतं!

बाबांना सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, सबमिट केल्याशिवाय मी हलणार नाही. ते आधी चिडले, तिसऱ्या दिवशी स्वतःच मुलींच्या होस्टेलची चौकशी करून आले. निघताना आईने विचारलं, "पंचांग ठेवून जाऊ का गं?" त्या महिन्यात मी पहिल्यांदा पोटभर हसले.

तळटीप सरांनी काढू दिली नाही, बदलायला लावली. 'वहीतली तारीख बरोबर आहे. ती चूक समजणं ही माझी चूक.' टाइप केलेली प्रत घेऊन गेले तेव्हा मास्टरमोशायनी त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. मग ती हिलशाची वही काढून तारीख घातली आणि लिहिलं, 'आज प्रबंध आला.'

डिग्री मिळाल्यावर सरांकडे पेढे द्यायला गेले. ते आत गेले म्हणून मी सहज पुस्तकं चाळत होते... खालच्या कप्प्यात तीस वर्षांच्या पंजिका ओळीने लावलेल्या होत्या.

 त्या दिवशी नमस्कार करताना मी नेहमीपेक्षा जरा जास्त वाकले.