शोभाताईंच्या कार्डावरची दुसरी प्रत

शोभाताईंना त्यांचं स्वतःचं वय विचारा, लगेच सांगतील, अठ्ठावन्न. वाचकाचं वय मात्र त्यांच्यासमोर विचारायचं नाही. डोकंच फिरतं त्यांचं. "पुस्तक काय चप्पल आहे का गं, नंबर बघून द्यायला?" असं त्या मला भर काउंटरवर सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

मी ममता. मूळची डहाणूकडची, पण वडील मसाटच्या कंपनीत लागले म्हणून वाढले इथंच. सिल्वासाच्या वाचनालयात मी देवघेवीच्या काउंटरवर बसते. शोभाताई मालवणकडच्या, नवऱ्याच्या मागोमाग इथं आल्या. नवरा शाळेत मास्तर होता. तो गेला त्याला बारा वर्षं झाली, पण शोभाताई सरकारी क्वार्टरमध्ये आणि वाचनालयाच्या नोकरीत तशाच राहिल्या. गुजराती वाचक त्यांना शोभाबेन म्हणतात, मराठी वाचक शोभाताई म्हणतात, आणि दोघंही माझ्या काउंटरला वळसा घालून थेट त्यांच्याकडे जातात. राग येतो मला. का नाही येणार?

पुस्तक सुचवण्याची त्यांची रीत अशी. समोरच्याला समोरच्या बाकावर बसवायचं आणि विचारायचं, "वाचणार कुठं? बसून की आडवं पडून? आणि वाचून झाल्यावर कोणाला सांगणार?" हा तिसरा प्रश्न ऐकून माणसं गोंधळतात. एका रिटायर झालेल्या तलाठ्याला त्यांनी मुलांच्या कोड्यांचं पुस्तक दिलं. मला वाटलं, आता हा आमची तक्रार करणार. तर तो आठवड्यानं आला आणि म्हणाला, "दुसरा भाग आहे का? नातवाला हरवायचंय." आठ वर्षांच्या एका पोरीला त्यांनी सापांवरचं जाडजूड पुस्तक दिलं, कारण ती म्हणाली होती की तिला आजीला घाबरवायचंय.

आता यंदाच्या जुलैच्या शेवटी काय झालं, ऐका. वरून कागद आला की सर्व वयोगटांसाठी कर्मचाऱ्यांच्या शिफारशींची यादी करून बोर्डावर लावा. सहा ते दहा, अकरा ते पंधरा, मग तरुण, मग ज्येष्ठ. शोभाताईंनी कागद वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे सरकवला. "तूच कर बाई. मला नाही जमायचं." झालं, पडलं सगळं माझ्या गळ्यात. त्याच दिवशी बायंडरकडून पुस्तकांचा गठ्ठा आला. बायंडिंगहून आलेलं प्रत्येक पुस्तक पान न पान मोजून घ्यायचं असतं, कारण कुठं फर्मा उलटा लागतो, कुठं गळतो. फर्मा म्हणजे सोळा पानांचा जुडगा. मोजणं माझ्याकडे होतं. मी म्हटलं, यादी करू की पानं मोजू? वरची चार मोजली आणि बाकीची तशीच कपाटात लावून टाकली.

त्याच आठवड्यात चिंधाभाऊ आले. नरोलीत सुताच्या कंपनीत मशीनवर, गाव शहाद्याजवळ. खोलीत पाच जण राहतात. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे यायचे ते पंख्याखाली बसायला आणि मोबाइल चार्ज करायला, मला काय कळत नाही होय? पण त्या दिवशी ते शोभाताईंच्या टेबलाशी उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, पोरीसंगे काय बोलावं, असं एखादं पुस्तक असतं का?"

शोभाताईंनी त्यांना बाकावर बसवलं. पोरगी चंदा, पाचवीत, गावी आईजवळ, तानूबाईजवळ. चिंधाभाऊ इथं आले तेव्हा ती बालवाडीत होती. वर्षातून दोनदा जाणं होतं, तेही चार-चार दिवस. पूर्वी फोनवर चिवचिवायची. आता हे जेवलीस का विचारतात, ती हो म्हणते. शाळेत गेलीस का, हो. बरी आहेस का, हो. मग आईला फोन देते. "मी मोजलं ताई. गेल्या महिनाभरात तिनं मला 'हो' सोडून एक शब्द दिलेला नाही. उद्या मी मेलो तरी हो म्हणेल ती." मी उगाच कीबोर्डवर काहीतरी बडवत बसले.

"तुम्ही प्रश्न विचारता म्हणून," शोभाताई म्हणाल्या. "ती परीक्षा झाली. आजपासून तिला एकही प्रश्न विचारायचा नाही."

त्यांनी एक पुस्तक काढलं. नाव नाही सांगत, तुम्ही मागायला याल आणि आमच्याकडे दोनच प्रती आहेत. एका होडीवाल्याची बकरी हरवते आणि तिला शोधत तो सात गावं पालथी घालतो, अशी गोष्ट. शोभाताईंनी ठरवलं, एक प्रत बापानं वाचायची, एक लेकीनं. बापानं फोनवर आपण कितव्या गावी पोचलो एवढंच सांगायचं आणि फोन ठेवून द्यायचा. पण एका कार्डावर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती देता येत नाहीत. मी तसं म्हणालेही. शोभाताईंनी पर्समधून स्वतःचं कार्ड काढून माझ्यापुढे टाकलं. "घाल माझ्या नावावर." चिंधाभाऊंचा खोलीसोबती गोकुळ आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावी निघाला होता, त्याच्या पिशवीतून ती दुसरी प्रत शहाद्याला गेली. कपाटातून ती काढून दिली मीच.

चिंधाभाऊ गेल्यावर शोभाताई म्हणाल्या, "माझा केदारपण तसाच. 'हो'च्या जागी 'अच्छा' म्हणतो, एवढाच फरक." केदार त्यांचा एकुलता एक, बेंगळुरूला असतो, अडीच वर्षांत आलेला नाही. रोज संध्याकाळी सहाला शोभाताई त्याला फोन करतात आणि सगळं सांगतात. भाजी काय केली, नळाला पाणी कधी आलं, कोणत्या वाचकानं काय नेलं. मी शेजारीच असते, त्यामुळे मलाही रोज ऐकावं लागतं. पलीकडून काय येतं ते ऐकू येत नाही, पण ते फार नसावं.

पहिले दहा दिवस काहीच घडलं नाही. चिंधाभाऊ सांगायचे, "पहिल्या गावी पोचलो म्हटलं, तर हो म्हणाली." शोभाताई म्हणायच्या, धीर धरा. मग एक दिवस ते आले ते हसतच. पोरगी म्हणाली होती, "मी तिसऱ्या गावात आहे." फक्त चारच शब्द, पण ते त्यांनी आम्हाला तीनदा ऐकवले. त्यानंतर ती त्यांच्यापुढेच राहिली. त्यांची शिफ्ट, ओव्हरटाइम, त्यात वाचायची सवय नाही. ती सहाव्या गावी असली की हे चौथ्यात. "पप्पा, तू किती हळू वाचतो," असं म्हणाली म्हणे. त्या हळू वाचण्याचा त्यांना कोण आनंद!

ऑगस्टच्या शेवटी एकदा चार वाजता ते धावतच आले. अंगावर कंपनीचाच शर्ट, केसांत सुताचा भुसा. शिफ्टमध्ये मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. तीन वाजता हातात घेतला तर चंदाचे अकरा मिस्ड कॉल. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःहून केलेले. "वाटलं, घरी काहीतरी वाईट झालं." लावला तर पोरगी कडाडली, पुस्तकात शेवटच नाही! सातव्या गावात बकरी मिळाली का ते नाहीच, आधीचीच पानं पुन्हा लावलीत. तुझ्यात बघ आणि लगेच फोन कर.

न मोजलेल्या गठ्ठ्यातलीच ती प्रत. शेवटचा फर्मा गळाला होता आणि त्याच्या जागी आधीचाच, बायंडरकडच्या दुसऱ्या कुठल्यातरी प्रतीतला, दुसऱ्यांदा शिवलेला. शोभाताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, "चूक माझी. मी पानं मोजली नाहीत." खोलीवरून आणलेली चिंधाभाऊंची प्रत शोभाताईंनी हातात घेतली आणि मागची पानं उलटली. सत्त्याण्णव ते एकशेबारा, सगळी जागच्या जागी होती.

निदान चूक निस्तरावी म्हणून मी मोबाइल काढला. "सोळाच पानं आहेत भाऊ. फोटो काढते आणि आत्ता व्हॉट्सअॅपवर टाकते. दोन मिनिटांत तिला शेवट मिळेल."

चिंधाभाऊंनी उघड्या पानावर आडवा तळहात ठेवला. "थांबा ताई."

"का हो?"

"तिनं अकरा फोन केले," ते म्हणाले. "आज शेवट पाठवला, तर उद्या कशाला करेल?"

शोभाताईंनी हळूच माझा मोबाइल खाली केला.

मग चिंधाभाऊंनी तिथंच उभं राहून फोन लावला. मशीनच्या आवाजात राहून राहून या लोकांना स्पीकरवर बोलायची सवय लागते, वाचनालयात शांतता राखा म्हणून मी एरवी दहादा ओरडते. त्या दिवशी नाही ओरडले.

"मिळाली का बकरी?" पलीकडून पोरगी लगेचच म्हणाली.

"माझ्या पुस्तकात शेवट आहे," चिंधाभाऊ म्हणाले. "मी अजून वाचला नाही. सांगू का वाचून?"

तिकडे कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता 'हो' येणार. चिंधाभाऊंनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

"नको," चंदा म्हणाली. "फोनवर नको. तू घरी ये, मग आपण दोघं वाचू."

"बेटा, सुट्टी दिवाळीत आहे."

"मग दिवाळीत." आणि थोड्या वेळानं, "पप्पा, तू एकटा नको वाचू हं. मीपण कुणाला विचारणार नाही."

तिनं फोन आईला दिला नाही. तशीच धरून उभी राहिली असावी, कारण तिचा श्वास आम्हाला ऐकू येत होता, आणि चिंधाभाऊंनाही फोन ठेववेना. एवढा बाप्या माणूस, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

पुस्तक पंधरा दिवसांच्या वर ठेवता येत नाही. मुदत वाढवली तरी फार तर महिना. मी दोन्ही प्रतींच्या नोंदीत दिवाळीनंतरची तारीख घातली आणि कोणी विचारलंच तर काय उत्तर द्यायचं ते अजून ठरवलेलं नाही. चिंधाभाऊंनी शेवटच्या सोळा पानांना सुताचा दोरा गुंडाळला, दोन गाठी मारल्या, पुस्तक पिशवीत घातलं आणि गेले.

सहा वाजले. मी खिडक्या लावत होते. शोभाताईंच्या हातात मोबाइल होता, पडद्यावर केदारचं नाव होतं, पण त्या लावत नव्हत्या. मी म्हटलं, "आज सांगायला केवढं आहे तुमच्याकडे. लावा की."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "रोज सगळं सांगून टाकते गं मी त्याला. यायला त्याला काही कारणच ठेवलं नाही."