कोऱ्या लेबलांच्या मंदाताई

नमुन्याचं लेबल हातात आलं, की मंदाताई आधी ते सोलून आपल्या मनगटावर चिकटवायच्या. संध्याकाळी आपल्या गावी, तेरला, जाणाऱ्या एसटीत चढतानाही एखादं तिथंच असायचं. "मापात कापलंय, चिटकतंय, मग लेबलच की," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

धाराशिवबाहेरच्या आमच्या लहानशा कारखान्यात कोऱ्या लेबलांचे रोल बनतात. परदेशी जाणारा माल कस्टमच्या कागदांवर कोणत्या वर्गात दाखवायचा, हे मंदाताई ठरवत आणि खाली सही करत. मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. एकदा मी म्हणाले, "ताई, यावर छापलेलं तर काहीच नाही."

"बारसं झालं न्हाय म्हणून लेकराला लेकरू म्हणायचं न्हाय व्हय गं?"

पुढे एका मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाने कळवलं, की 'लेबल' न लिहिता नुसता 'गोंद लावलेला कागद' लिहा. तिकडे त्यावर आयातीची ड्युटी कमी लागते. मालक तयार झाले. ताई सही करेनात. शेवटी मालक स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले.

"ताई, कोराच तर कागद आहे. कोण बघतंय?"

"मी बघतेय की, साहेब."

गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. कामाअभावी कटिंगचं एक मशीन बंद ठेवावं लागलं आणि त्यावरच्या बायकांना घरी बसावं लागलं. त्यांत ताईंची सख्खी जाऊ पारूबाईही होती. एकाच घरात राहून तिने ताईंशी अबोला धरला. इकडे जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका त्यांना जवळ बसू देईनात. मला त्या बायकांचाही राग येईना, आणि ताईंकडे तर बघवत नव्हतं. ताई आपल्या टेबलावरच एकट्या जेवायच्या.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले. धीर करून विचारलं, "ताई, पस्तावा होतो का?"

"होतो की. पारू बोलत न्हाय, पर सकाळी माझा डबा तीच भरती. दुपारी तो उघडला की रोज होतो." गाडी लागली. पिशवी उचलत त्या म्हणाल्या, "पर तो कागद आज पुन्हा आला, तर लेबलच लिहीन."

आता त्यांच्या जागी मी सही करते. तसा कागद अजून माझ्यापुढे आलेला नाही. तो कधी येऊच नये, असं मला फार वाटतं.