एक बाही, एक गियर

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, बाजारामागच्या गल्लीत ‘राव टेलर्स’ अशी पाटी आहे. त्या पाटीखाली बसून नरसिंगरावांनी उभ्या आयुष्यात एकच वार सांगितला. मंगळवार. गिऱ्हाईक गुरुवारी आलं, “मंगळवारी या.” सोमवारी आलं, “उद्या कशाला धावपळ करता, मंगळवारी या.” आणि कुणी खरोखरच मंगळवारी येऊन उभं राहिलं, तर गळ्यातला टेप सावरत नरसिंगराव असे काही डोळे विस्फारत की त्या बिचाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. “अय्यो, हा मंगळवार नव्हे हो! पुढला!”

त्यांचं दुसरं वाक्य होतं, “कोट तयारच आहे, फक्त काजं-बटणं राहिलीत.” ते मराठी गिऱ्हाइकाला मराठीत मिळे, कन्नड गिऱ्हाइकाला “बटन ओंदे बाकी, सर,” आणि लष्करातल्या साहेबांना मान तिरकी करून “ओन्ली बटन, सर, ओन्ली बटन.” तिन्ही भाषांत अर्थ एकच : कापडाची घडी अजून मोडलेली नाही.

तरी लोक येत. कारण कोट एकदा हाती पडला की असा बसे, की पोट हा ज्याचा त्याचा खासगी मामला राही. “माणूस मापाचा नसतो, कोट मापाचा असतो,” असं ते म्हणत. त्यांच्या घरात सगळ्यात मोठी शिवी होती ‘रेडीमेड’. रूपश्रीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, लहानपणी गणितात कमी मार्क पडले तेव्हा ते ओरडले नाहीत, मारलंही नाही. नुसतं म्हणाले, “रेडीमेड डोकं.” पोर दिवसभर रडली.

अशा माणसाकडे लाल, दोन दारांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार होती, हे नव्यानं ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. इंदिरानगरचं एक जुनं गिऱ्हाईक ऑस्ट्रेलियाला लेकीकडे कायमचं जायला निघालं. निघताना त्यानं विचारलं, “मास्तर, गाडी घेता का?” नरसिंगराव आत बसले, आणि सीट पाठीला अशी बसली की त्यांच्या तोंडून आपोआप शब्द निघाला, “फिटिंग!” झालं. त्या दिवसापासून गाडी गल्लीत, दुकानासमोर. तिच्यात मागं सीट नाही, डिकीत भाजीची जुडी आडवी घातली की डिकी भरते, आणि बेंगळुरूच्या रस्त्यांवर ती बहुतेक वेळ पहिल्या गियरमध्येच असते. पण याच गाडीवर रूपश्री गियर टाकायला शिकली, आणि याच गाडीत बसून नरसिंगरावांनी तिला शब्द दिला होता : “लग्नाच्या दिवशी छत्रावर तुला मीच घेऊन जाणार. दोनच सीट. एक तुझी, एक माझी.” मंगल कार्यालयाला इकडे छत्र म्हणतात.

“आणि मी?” त्यांच्या बायकोनं, इंदिराबाईंनी, दुकानामागच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं होतं.

“तू टेम्पोत पुढं. खिडकी तुझीच.”

रूपश्रीचं लग्न ठरलं, आणि त्याच सुमारास गाडीनं तिसरा गियर सोडला. टाकायला गेलं की आधी “ख्र्र्रॅक”, मग जरा “घूं”, आणि शेवटी “टक्!” करून दांडा आपला आपण परत न्यूट्रलला. नरसिंगराव हा आवाज दुकानात येईल त्याला तोंडानं काढून दाखवू लागले. इतका हुबेहूब, की बाहेर उभा असलेला रिक्षावाला एकदा आपली रिक्षा तपासून गेला.

मागच्या रस्त्यावर कृष्णातचं गॅरेज. कृष्णात निपाणीकडचा. हात ग्रीसनं काळे, मिश्या त्याहून काळ्या. त्यानं बॉनेट न उघडताच नरसिंगरावांना पुन्हा एकदा आवाज काढायला लावला, डोळे मिटून ऐकला आणि म्हणाला, “मास्तर, आतल्या पितळी रिंगा झिजल्यात. गियरबॉक्स उतरवून उघडाय पायजे. सगळं मोकळं करायचं, नव्या रिंगा घालायच्या, परत बांधायचं.”

‘मोकळं करायचं’ ऐकताच नरसिंगरावांनी गळ्यातला टेप घट्ट धरला. उसवलेल्या कोटाचं पुढं काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

“किती दिवस लागतील, अण्णा?”

“आवं दिवस कसलं! झालंच समजा. मंगळवारी या की.”

नरसिंगराव जागच्या जागी गार.

“आणि मास्तर,” कृष्णातनं मिशीवरून मनगट फिरवलं, “आमच्या कोटाचं काय झालं? निळं कापड दिलंया संक्रांतीला. रूपाच्या लग्नात घालीन म्हणतो.”

“तयारच आहे, अण्णा. फक्त काजं-बटणं...”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोन मांजरं एका भिंतीवर समोरासमोर यावीत तसे.

घरी येऊन त्यांनी जावई होऊ घातलेल्या निहारला फोन लावला. निहार मूळचा पुण्याचा, नोकरीला इथल्याच बेळ्ळंदूरला. तो म्हणाला, “काका, बेसिकली रिबिल्ड हा ब्लॅक होल असतो. टाइमलाइनच नाही. आपण ना, रिप्लेस करू. सेकंडहँड युनिट बघितलंय मी ऑनलाइन. दोन दिवसांत बसवून देतात. प्लग अँड प्ले! लग्नाला गाडी हंड्रेड पर्सेंट रेडी.”

दोन दिवसांत. वार नाही, तारीख! नरसिंगरावांना क्षणभर कुणीतरी पंख्याखाली बसवल्यासारखं वाटलं. ते निहारबरोबर जुन्या पार्टांच्या दुकानात गेले. तिथं बसक्या स्टुलावरच्या माणसानं पायानंच एक पेटी पुढं ढकलली. आत गियरबॉक्स. पुसलेला, चकचकीत, वर पिवळा स्टिकर.

“हा आमच्या गाडीला बसेल?” नरसिंगरावांनी विचारलं.

“बसेल सर, ऐंशी टक्के आगुत्ते.”

“आणि नाही बसला तर?”

“स्वल्प अडजस्ट माडि, सर. दोन वॉशर टाका, इकडे थोडं घासा. सगळ्यांना होतो सर हा. फ्री साइज!”

फ्री साइज! निहार नंतर सांगायचा, काकांचा चेहरा इतका बदलला की त्याला वाटलं, जवळपास हॉस्पिटल कुठंय ते बघावं.

“चला,” नरसिंगराव उठले.

“काका, पण वॉरंटी आहे ना...”

“निहार, तुझ्या लग्नाचा कोट मी शिवतोय. त्याला दोन वॉशर टाकू? इकडे थोडं घासू?”

निहारनं पेटी पायानंच परत मागं ढकलली. गाडी उघडायची ठरली.

पुढल्या मंगळवारी नरसिंगराव गॅरेजात हजर. लाल गाडी जॅकवर, पोट रिकामं. जमिनीवर कन्नड पेपर पसरून त्यावर गियर मांडलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत, ग्रुप फोटोला बसल्यासारखे. कृष्णात दुसऱ्याच कुणाच्या तरी स्कूटरखाली आडवा.

“अण्णा, झालं?”

“झालंच की ओ!” स्कूटरखालून आवाज आला. “फकस्त ऑइल सील ऱ्हायलंया.”

नरसिंगरावांनी आपलाच आवाज ओळखला. तोच सूर. तोच ‘फक्त’वरचा जोर. एवढंच काय, कृष्णात बाहेर आला तेव्हा डोळेही तसेच विस्फारलेले. “आणि ह्यो मंगळवार न्हवं म्हणालो मी, मास्तर. पुढला!”

घरी येऊन त्यांनी हे सगळं, सुरासकट, बायकोला करून दाखवलं. इंदिराबाई आधी उभ्यानं हसल्या, मग खुर्चीला धरून हसल्या, मग खाली बसल्या. “बरं झालं! देवाला म्हणे कान नाहीत! इतकी वर्षं माझ्या माहेरची माणसं एकेक ब्लाउजसाठी फेऱ्या मारतात, त्यांचं गाऱ्हाणं एकदाचं पोचलं.”

“अगं, लग्न रविवारी आहे!”

“सरी, बरं तर, आता माझं ऐका.”

शनिवारी सकाळी गल्लीनं असं दृश्य बघितलं, की केळीवाल्यानं गिऱ्हाइकाला मोड परत द्यायचं सोडून तोंड उघडं टाकलं. पुढं इंदिराबाई, हातात निळ्या कापडाची पिशवी. मागं हातगाडीवर शिलाई मशीन. त्यामागं नरसिंगराव, फाशीला निघाल्यासारखे. मशीन थेट कृष्णातच्या गॅरेजात, उघड्या गियरबॉक्ससमोर मांडलं गेलं.

“तुमचा कोट त्यांच्याकडे, त्यांची गाडी तुमच्याकडे,” इंदिराबाईंनी निवाडा दिला. “आता दोघं एकमेकांसमोर बसा. त्यांनी एक बाही लावायची, तुम्ही एक गियर लावायचा. माझा दोघांवरही विश्वास नाही.”

“अक्का, आधी त्यास्नी लावू दे,” कृष्णात.

“आधी त्याला लावू दे,” नरसिंगराव.

“गियर म्हंजे बाही न्हवं! चुकला की दात तुटत्यात.”

“आणि बाही काय, चुकली तर वाढते? खांद्यात चुणी पडते चुणी! जन्मभर माणूस दचकल्यासारखा दिसतो.”

“एकदम!” इंदिराबाई ओरडल्या. “दोघं एकदम! हं!”

मशीन खडखडलं, पाना खणखणला. उजवी बाही लागली तेव्हा पहिला आणि दुसरा बसला. नरसिंगरावांनी वाकून गियरबॉक्समध्ये बघितलं. “टाके सरळ आलेत का?” कृष्णातनं कोट उचलून दोन्ही बाजूंनी हुंगल्यासारखा पाहिला. “ऑइल गळत न्हाई न्हवं?” डाव्या बाहीला तिसऱ्याची नवी पितळी रिंग आत गेली. ती आत जाताना कृष्णातची जीभ बाहेर आली होती. नरसिंगरावांचीही सुईत दोरा ओवताना अशीच येते. कॉलर लागली, चौथा आणि पाचवा लागला. दुपारी इंदिराबाईंनी दोघांना चित्रान्नाचा पिवळा भात वाढला, ताटली मांडीवर, उठायचं नाही. संध्याकाळपर्यंत काजं झाली, बटणं लागली. ‘राव टेलर्स’च्या इतिहासात काजं-बटणं कबूल केलेल्या दिवशी लागण्याचा हा पहिलाच प्रसंग.

मग राहिला कोटाचा आतला खिसा. आणि राहिला रिव्हर्स.

नरसिंगरावांनी अस्तराचा तुकडा हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. कुणालाही अख्खं काम एका दमात देण्याची त्यांच्या हाताला सवयच नव्हती. ते खाकरले. “अण्णा, खिसा तेवढा मंगळवारी देतो.”

कृष्णातचा चेहरा उजळला. जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा तसा. “मग रिव्हर्सबी मंगळवारीच! त्याचा मधला गियर अजून लेथवाल्याकडनं यायचाच हाय.”

इंदिराबाईंनी कपाळावर हात मारला. “उद्या लग्न! मागं कशी घेणार गाडी?”

“लग्नाला जायचं पुढं असतंय, अक्का,” कृष्णात म्हणाला. “मागं कशाला जायचं?”

रविवारी सकाळी टप उघडलेल्या लाल गाडीत रूपश्री बसली. मुंडावळ्या, हिरवा चुडा, आणि हातातला नारळ ठेवायला जागा नाही म्हणून मांडीवर. गल्लीच्या तोंडाशीच पाण्याचा टँकर समोर आला. टँकरवाल्यानं हात बाहेर काढून खूण केली, मागं घ्या. नरसिंगरावांनी दोन्ही हात जोडले. टँकरवाला खाली उतरायच्या बेतात होता, तेवढ्यात रूपश्री सीटवर उभी राहिली. “अण्णा, नम्मकडे रिव्हर्स इल्ला! मुहूर्त होगुत्ते, टळतोय मुहूर्त!” नवरी बघून टँकरवाला वरमला. मग अख्खी गल्ली ‘येऊ दे, येऊ दे’ करत त्याच्या मागं धावली, “बर्ली, बर्ली, बर्ली, रैट!” आणि तेवढा मोठा टँकर इंच-इंच मागं गेला.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर नरसिंगरावांनी दुसऱ्यातून तिसरा टाकला.

“अप्पा, तिसरा टाका ना आता,” रूपश्री म्हणाली.

“टाकला की.”

“कधी?”

“कळलंच नाही बघ,” ते म्हणाले. रविवारचा रस्ता मोकळा होता. चौथा पडला. वाऱ्यानं मुंडावळ्या मागं उडत होत्या.

छत्राच्या दारात टेम्पोनं आधीच पोचलेले सगळे ओळीनं उभे. इंदिराबाई ओवाळायचं ताट घेऊन, निहारची आई अक्षता घेऊन, सनईवाले गाल फुगवून, आणि कृष्णात निळ्या कोटात, खांदा असा बसलेला की ताठ उभं राहण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. लाल गाडी आली, सनई सुरू झाली, ताट पुढं झालं. आणि गाडी दारावरून तशीच पुढं निघून गेली.

“अप्पा! दार गेलं!”

“गेलं खरं.” नरसिंगरावांनी आरशात बघितलं. मागं येणं शक्यच नव्हतं. पुढं एकमार्गी रस्ता, तिथून डावीकडे, पुन्हा डावीकडे, सगळा चौक फिरून परत. “आता वळसा घ्यावा लागेल. रिव्हर्स नाही ना.”

वळसा मोठा होता. वाटेत शाळा, देऊळ, नारळपाण्याची गाडी. नारळपाणीवाल्यानं नवरी बघून सलाम ठोकला. रूपश्रीनंही नारळ उंचावून सलाम ठोकला. दोघं हसत सुटले. पुन्हा छत्र आलं. सनई पुन्हा सुरू झाली. इंदिराबाईंनी ताट पुन्हा पुढं केलं. नरसिंगरावांचा पाय ब्रेककडे गेला, आणि तिथं पोचायला त्याला जरा उशीर झाला.

“अहो!” मागून इंदिराबाईंची हाक आली, आणि लांब लांब होत गेली.

“पुन्हा चुकलं?” रूपश्रीनं समोर बघतच विचारलं.

“स्वल्प चुकलं.”

रूपश्रीनं डोळ्यांच्या कडा पुसल्या, काजळ सांभाळून. मग क्लच दाबल्याचं बघून तिनंच गियरच्या दांड्यावर हात ठेवला आणि अलगद तिसरा टाकला.

“अप्पा,” ती म्हणाली, “तिसऱ्या फेरीला मात्र थांबा हं. निहारची आई घाबरलीय.”