रिवर्स नसलेल्या गाडीचा राव

"गाडीवर कॉलेजचं नाव असेल, राव. तुमचं कसं टाकणार?" प्राचार्य म्हणाले, आणि मी हातातला पाना जमिनीवर आपटला.

गाडी आमच्यासमोर ठोकळ्यांवर उभी होती, चाकांशिवाय. चौकोनी पाइप वेल्ड करून तिचा सांगाडा, म्हणजे चॅसिस, मी केला. जुन्या मोटरसायकलचं इंजिन सीटच्या मागे मी बसवलं. बाइकचा गिअर पायाने पडतो. तो हाताने पडावा म्हणून सळी जोडून लिव्हर मी केला. बाइकच्या इंजिनाला धावताना वारा लागतो, सीटमागे वारा कुठला? म्हणून पंखाही मीच लावला. कॉलेजच्या मुलांनी सेल्फी काढले. कागदावर मात्र हा त्यांचा फायनल इयर प्रोजेक्ट होता.

तंजावूरहून ओरत्तनाडूला जाताना रस्त्यावर माझं वर्कशॉप लागतं. आठवीत शाळा सुटली आणि लेथ हातात आला, तो अजून आहे. असे 'प्रोजेक्ट' मी दर वर्षी करतो. नारळ सोलायचं मशीन केलं, बक्षीस मुलांना. भाताची रोपं लावायचं मशीन केलं, बक्षीस त्यांच्या प्रोफेसरला. या वेळी ठरवलं होतं, गाडीवर नाव माझंच.

प्राचार्य आमच्यातलेच, पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेले मराठी, राजवाड्याजवळच्या गल्लीतले. घरी मराठी बोलतात, बाहेर तमिळ, आणि घासाघीस करताना इंग्रजी.

"सार, नाव नाही तर चाकं नाहीत."

"आउटसायडरचं नाव प्रोजेक्टवर? मॅनेजमेंट काय म्हणेल?"

"मॅनेजमेंटला म्हणावं, या आणि वेल्डिंग करा."

ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "बरं, तो रिवर्स बॉक्स कधी येणार?"

हे समजावून सांगायला हवं. मोटरसायकलच्या इंजिनाला रिवर्स गिअर नसतो. पाय टेकवून बाइक मागे घेता येते, मग गिअर कशाला? गाडीत बसून पाय कुठे टेकवणार? म्हणून चेन आणि मागच्या चाकांच्या मध्ये ऑटोरिक्षाचा छोटा गिअरबॉक्स घालावा लागतो. तो तिरुचीहून यायचा होता.

"पुढच्या आठवड्यात."

"मुहूर्त या शुक्रवारचा आहे. चेन्नईचे उद्योगपती येणार, नव्या लॅबला देणगी देणार. असं करू. रिवर्स सोडा, नाव घ्या."

"रिवर्सशिवाय गाडी?"

"राव, आमचं कॉलेज कधी मागे गेलंय का?"

मागे उभी असलेली मुलं हसली. मी मनात हिशोब केला. बॉक्स वाचला, खटपट वाचली, वर नाव मिळालं.

"बॉनेटवर. मोठ्या अक्षरांत," मी म्हणालो.

"बॉनेटवर," ते म्हणाले आणि लगेच हात पुढे केला. माझ्याशी सौदा करताना लगेच हात पुढे करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तिथेच थांबायला हवं होतं.

शुक्रवारी राजवाड्याजवळच्या मांडवात गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. बॉनेटवर पिवळ्या तमिळ अक्षरांत लिहिलं होतं: 'डिझाइन आणि निर्मिती: राव'.

"नुसतं राव?" मी विचारलं.

"का? तुमचं नाव राव नाही?"

आहे. त्यांचंही राव आहे. आमच्या गल्लीत "राव" अशी हाक मारली तर पाच जण वळून बघतात.

पुढचा अर्धा तास लोक त्यांच्याशी हात मिळवत होते. "राव सार, स्वतः बनवली?" ते मान खाली घालून म्हणायचे, "छोटासा प्रयत्न." ही नम्रता त्यांना इतकी शोभत होती की दोनदा मलाच खरं वाटलं.

मग उद्योगपतींना शेजारी बसवून ते स्वतः गाडी चालवायला बसले. लिंबं फुटली, टाळ्या झाल्या, गाडी सुसाट निघाली. वळायचं होतं उजवीकडे. फोटोवाल्याकडे बघत ते वळले डावीकडे. ती गल्ली एका घराच्या ओट्याशी संपते. ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या पेन्शनरने पाय वर घेतले.

आम्ही धावत पोचलो तेव्हा प्राचार्य लिव्हर पुढेमागे हलवत होते.

"रिवर्स घ्या ना," उद्योगपती म्हणाले.

"एन्न सार, रिवर्स इल्लैया?" पेन्शनरने वाकून विचारलं. मग शेजाऱ्यांना मोठ्याने सांगितलं, "रिवर्सच नाही म्हणे!"

उद्योगपती खाली उतरले, बॉनेट वाचलं. "हा राव कोण?"

प्राचार्यांनी अर्ध्या तासात पहिल्यांदा माझ्याकडे बोट केलं. "हे. आमचे मेकॅनिक."

"सार, रिवर्स सोडा कोण म्हणालं?" मी तिथेच ओरडलो.

"टेक्निकल गोष्टी मी कशा सांगणार, राव?"

गाडी सहा जणांनी ढकलत मागे काढली. त्यात मीही होतो. देणगी जाहीर झाली, प्राचार्यांच्या कल्पकतेबद्दल. मला सगळ्यांसमोर सल्ला मिळाला, पुढच्या वेळी नीट काम करा.

सोमवारी गाडी वर्कशॉपमध्ये परत आली. निरोप होता, रिवर्स बॉक्स वॉरंटीत बसवा. मी फोन केला. "बसवतो. पण नावापुढे इनिशियल पाहिजे." आमच्याकडे आडनाव लावत नाहीत, वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे लावतात.

"जरूर," ते म्हणाले, पुन्हा लगेच. पेंटर आला आणि त्याने 'टी. राव' लिहिलं. माझ्या वडिलांचं नाव तुळजाराव. पेंटर गेल्यावर प्राचार्यांच्या वडिलांचं नाव विचारलं. तेही तुळजाराव.

आता मी नावासाठी सौदा करत नाही. चॅसिसवर, इंजिनच्या खाली, पंचने माझा मोबाइल नंबर ठोकतो. कौतुक करायचं असलं तरी फोन मलाच येणार, तक्रार असली तरी मलाच. आतापर्यंत आलेले सगळे फोन तक्रारीचे आहेत.