दिनकररावांच्या छपरावरचा डबा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय? आता आत ठेववत नाही, एवढंच.

छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. मी बारामतीला रेडिओ दुरुस्त करायचो आणि हौस म्हणून बिनतारी संचावरून लांबलांबच्या लोकांशी बोलायचो. आमच्या भागात परवाना दोघांकडंच — मी, आणि इंदापूरचे दिनकरराव. मणक्याच्या क्षयानं ते अंथरुणाला खिळलेले. उशाशी संच आणि मोटारीची बॅटरी. माणसांशी बोलणं व्हायचं ते त्यावरूनच.

एकदा आफ्रिकेतला एक गडी मला म्हणाला, तुम्ही जरा थांबा, मला इंदापूर ऐकू द्या. मला! दिनकररावांना डाग देऊन तारा जोडायला शिकवलं कुणी? वरवर हसलो. आतून जळलो — खोटं कशाला बोलू?

पुढं वादळात त्यांची एरियल पडली. उभारायला मीच गेलो. एरियलची दुहेरी तार आणि संचाकडून येणारी केबल यांचा मेळ घालायला मधे तारेची एक गुंडाळी लागते. ती छपरावर, पत्र्याच्या डब्यात. मेळ चुकला की संचाची ताकद बाहेर न जाता उलटी फिरते. त्या गुंडाळीचं एक टोक मी भलत्याच वेढ्याला जोडलं. चुकून नाही. वर मेण ओतून डबा बंद केला. छपरावर चढून बघणार कोण होतं? खाटेवरून त्यांनी माझे आभार मानले.

मग रोज सकाळी ते हाका मारायचे. बाहेर कुणालाच पोचत नव्हत्या. मला पोचायच्या — जवळ होतो ना, क्षीण का होईना, पोचायच्या. "तात्या, ऐकताय न्हवं? माझंच कायतरी चुकतंय बगा." आणि मी माइकसमोर बसलेला. एक शब्द पुरला असता. का नाही बोललो? पहिले काही दिवस मजा वाटली — हो, मजा. नंतर भीती, की उत्तर दिलं तर डबा उघडावा लागेल. दोन महिने त्यांनी हाका मारल्या. देवा, दोन महिने मी ऐकल्या. मग त्या थांबल्या.

तेराव्याला गेलो. वहिनी म्हणाल्या, "शेवटपातुर तुमालाच हाका मारत हुते. येकदा तरी ऐकू आलं का वो?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मलाच समजावलं. वाईट वाटून घेऊ नका म्हणाल्या.