उद्घाटनाची जाडी रिबीन

सेवाग्रामकडच्या सेलूच्या बाजारात आमचं मॅचिंगचं दुकान होतं. फॉल, अस्तर, बटणं, लेस आणि भिंतभर रिबिनींची रिळं. पाटीवर नाव बापाचं, पण दुकान चालवायची आई. बाप गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला राजकारण शिकवायचा. ‘बाप’ असं मुद्दाम लिहिते आहे. बाबा म्हणायचं मी उद्घाटनाच्या दिवसापासून सोडलं.

रिबिनीत दोन मुख्य जाती. एक साटनची, गुळगुळीत, शाळेतल्या पोरींच्या वेणीतून मधल्या सुट्टीच्या आत निसटणारी. दुसरी जाडी, अंगावर बारीक आडव्या धारा असलेली. रिळावर ग्रोग्रेन असं छापलेलं असायचं, आम्ही तिला जाडी रिबीनच म्हणायचो. उभे धागे बारीक आणि आडवे जाड, त्यामुळे बोट फिरवलं की खरखरीत लागते. गाठ मारली की धारेत धार अडकते आणि गाठ जागची हलत नाही. ‘पोरगी झाडावर चढली तरी सुटनार नाई,’ असं आई गिऱ्हाइकाला सांगायची आणि ते खरं असायचं.

पूर्वी ही रिबीन रेशमाची असे. साहेबांच्या हॅटला, सैनिकांच्या पदकांना हीच लागायची. आता ती पॉलिस्टरची झाली, सुरतेहून येते, आणि शाळेच्या मेडलला, बिल्ल्यांना, भेटवस्तूंच्या खोक्यांना गुंडाळली जाते. हा सगळा इतिहास बापाला कुण्या एजंटानं सांगितला होता. तो भेटेल त्याला असा ऐकवायचा, जणू पदक यालाच मिळालं होतं.

शेजारचा गाळा घेऊन दुकान वाढवलं, नवा काचेचा काउंटर आणला आणि उद्घाटन ठरलं. फीत कोणती लावायची, यावर बाप म्हणाला, “साटन तं कोनीई लावते. आपन पदकाची लावू.”

“अहो, ते जाडी हाय,” आई म्हणाली. “उद्घाटनाच्या ताटातली कात्री बोथी रायते, धारच नसते तिले. अटकन.”

“तुले का समजते त्यातलं?”

विषय संपला. आमच्या घरी विषय असेच संपायचे. नाही संपले तर बाप ते हातानं संपवायचा.

व्हायचं तेच झालं. गावातले एक पुढारी पाहुणे होते. त्यांनी गोंडा बांधलेली कात्री ताटातून उचलली, फोटोवाल्याकडे बघून हसले आणि दाबली. रिबीन पात्यांमध्ये दुमडली. पुन्हा दाबली, पुन्हा दुमडली. तिसऱ्या खेपेला लोक खुसखुसायला लागले, मग उघड हसायला. तेव्हा आई दुकानातली रोजची मोठी कात्री घेऊन पुढे आली आणि तिनं कचकन फीत कापली. पाहुणे म्हणाले, “दुकान वहिनीच चालवतात वाटते!” टाळ्या पडल्या. बापही हसला. ते हसणं मी ओळखत होते. आईनं तर ओळखलंच, कारण तिनं लगेच पेढ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “मावशीकडे देऊन ये. बसजो थोडी तिथंच.”

मी गेले नाही.

पाहुणे पांगले तसं बापानं शटर अर्धं खाली ओढलं आणि कापड मोजायचा लोखंडी गज उचलला. “चार मानसांत माहं नाक कापलं तुनं!” पहिला फटका पाठीत, दुसरा खांद्यावर. आई ओरडली नाही. बाजार ऐकेल म्हणून ती कधीच ओरडायची नाही, आणि तिच्या त्या गप्प बसण्याची मला बापाइतकीच चीड यायची. मग त्यानं तिचा अंबाडा धरला आणि तिला ढकललं. नवी काच फुटली. आईचा उजवा हात कोपरापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा मनगटातून रक्त उडत होतं.

मी अस्तराचा तागा ओढून जखमेवर दाबला. हाताला आधी साटन लागली. ती रक्तात भिजली आणि गाठ बसेना. ती फेकली, जाडी ओढली, करकचून गुंडाळली आणि दातांनी गाठ आवळली.

“सोड तिले. नाटकं करून राह्यली ते,” म्हणत बाप पुढे आला. मी खाली पडलेला गज उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दात पडला. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

सेवाग्रामच्या दवाखान्यात जाईपर्यंत तो ऑटोत पुढे बसून तोंडाला रुमाल लावून आईला शिकवत होता, “काच पुसता पुसता लागली म्हनून सांगजो.” आई ऐकत होती. याआधी ती मोरीत घसरली होती, जिन्यावरून पडली होती, बैलानं ढुसणी मारली होती. आमच्याकडे बैल नव्हता.

डॉक्टरीणबाईंना गाठ सुटेना. शेवटी त्यांनी रिबीन कापली आणि विचारलं, “कसं लागलं?” बाप दारातून म्हणाला, “काच पुसत होती.” मला रक्ताची वाटली नव्हती इतकी भीती आता वाटली. आज ती खोटं बोलली तर पुढच्या वेळी तिला आणायला उशीर होईल, हे मला कळत होतं.

“काच पुसत नोती मी,” आई म्हणाली. “यानं ढकललं. पोलिसालेई हेच सांगन.”

हात वाचला. दोन बोटं मात्र आजही वाकत नाहीत. आम्ही दोघी बापापासून वेगळ्या, सिंदी मेघे गावात भाड्यानं राहिलो आणि पुढच्या खोलीत मॅचिंगचं छोटं दुकान टाकलं. आई डाव्या हातानं कापायला शिकली. सुरुवातीला सगळंच वाकडं जायचं.

एका सकाळी बाप आपल्या थोरल्या भावाला घेऊन आला. काका दारातच थांबले. “झालं ते झालं,” बाप म्हणाला. “कात्री धरता येत नाई तुले, दुकान का चालवशीन? चाल घरी.” आणि त्यानं तिचं उजवं मनगट धरलं, नेमकं व्रणावर. आई कळवळली. मी गज शोधत होते.

तेवढ्यात आईनं डाव्या हातानं कात्री उघडली आणि पातं त्याच्या मनगटावर टेकवलं. दाबलं. रक्ताची बारीक रेघ उमटली.

“हे बोथी नाई,” ती म्हणाली. “सोडा.”

त्यानं सोडलं. दारातून काका म्हणाले, “चाल बे आता,” आणि दोघं गेले.

तिनं कात्री आणखी का दाबली नाही, याचा मला फार राग होता. एकदा तसं तोंडावर बोललेसुद्धा. आई रिबीन मोजत होती. मान वर न करता म्हणाली, “कापाले नोती लावली. मले कुठं दुखते, ते त्याले एकडाव दाखवलं.”